ड्रॅग कलाकाराचा गोष्टींचा तास: घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कसा

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, ही फार जुनी पद्धत. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेखिका मिशेल टी आणि रडार प्रॉडक्शन्स ही साहित्यसंस्था यांनी वाचकाच्या खुर्चीवर ड्रॅग कलाकार बसवला. ड्रॅग म्हणजे रंगमंचासाठी मुद्दाम भडक, वाढवलेला स्त्रीवेष, कधी पुरुषवेष. पुढे ठिकठिकाणी शाखा निघाल्या आणि २०२२ मध्ये संस्थेचं नाव ‘ड्रॅग स्टोरी अवर’ झालं. त्याच सुमारास विरोधही पेटला. खाली लिहिलंय ते अशा कार्यक्रमाचा निर्णय ज्यांच्या टेबलावर येतो त्यांच्यासाठी: बालविभागाचे ग्रंथपाल, विश्वस्त मंडळाचे सदस्य, मदतीला येणारे पालक.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘ड्रॅग कलाकाराने मुलांना गोष्ट वाचावी का’ या प्रश्नाचं उत्तर वेषात सापडत नाही. कोणतं पुस्तक, कोणत्या वयाला, कोण वाचतंय, किती तयारीने, आणि पालकांना ते आधी माहीत होतं का, एवढ्यावर सगळं ठरतं. या पाच गोष्टी जमत असतील तर जरूर घ्या. यांतली एक जरी जमत नसेल तर घेऊ नका, मग मागणी कोणाचीही असो.

निर्णयाच्या आधी

पहिली पायरी कागदावरची. ग्रंथालयाचा स्वतःचा कार्यक्रम वेगळा आणि बाहेरच्या गटाने सभागृह मागून घेतलेला कार्यक्रम वेगळा. हा फरक लेखी धोरणात नसेल तर पुढे प्रत्येक बैठकीत त्यावरच भांडण होतं. स्वतःच्या कार्यक्रमात वाचक आणि पुस्तक ग्रंथालय निवडतं आणि त्याची जबाबदारीही तेच घेतं. सभागृह मात्र एकदा लोकांना खुलं केलं की विचार पाहून कोणाला हो, कोणाला नाही म्हणता येत नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची १९३९ पासूनची ‘लायब्ररी बिल ऑफ राइट्स’ हेच सांगते. हा नियम दोन्हीकडे लागतो. २०२२ मध्ये अभिनेते कर्क कॅमेरॉन यांनी आपल्या धार्मिक बालपुस्तकाच्या वाचनासाठी ग्रंथालयांकडे जागा मागितली, तेव्हा काही ठिकाणी आधी नकार आणि मग परवानगी अशी ओढाताण झाली. ड्रॅग वाचनाला सभागृह देणाऱ्या ग्रंथालयाने त्यांनाही त्याच अर्जावर, त्याच अटींवर द्यायलाच हवं.

मग कायदा बघा, आणि तो आपल्या राज्याचा बघा. मोंटानाने २०२३ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-ग्रंथालयांत मुलांसमोर असं वाचन करण्यावरच बंदी घातली. संघीय न्यायालयाने त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली. मुलांच्या नजरेस पडतील अशा ‘प्रौढ’ कार्यक्रमांवर बंधन घालणारा टेनेसीचा २०२३ चा कायदा खालच्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, पण २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. दावा करणाऱ्यांना दावा करण्याचा हक्कच पोहोचत नाही, एवढंच कारण त्यात होतं. निकाल असे वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर विसंबू नका. ग्रंथालयाच्या वकिलाकडून एक पानी लेखी मत घ्या आणि ते मंडळाच्या इतिवृत्ताला जोडा.

शाळेची गोष्ट निराळी. ग्रंथालयात पालक मुलाला स्वतः घेऊन येतात, शाळेत मूल बसलेलंच असतं. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या शाळांचा खटला समलिंगी आणि पारलिंगी पात्रं असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांवरून होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात धार्मिक आक्षेप घेणाऱ्या पालकांच्या बाजूने कौल दिला: आगाऊ कळवा आणि मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा द्या. शाळेच्या वेळात, वर्गात असं वाचन ठेवू नये असंच आम्ही सांगू. ग्रंथालय ही त्याची योग्य जागा.

आक्षेप येतील. ते एका पोत्यात भरू नका. काही पालकांना भीती असते की क्लबातला प्रौढांसाठीचा कार्यक्रम मुलांसमोर येईल. ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे: पुस्तकांची यादी आधी जाहीर करा, पोशाखाचे नियम दाखवा, रंगीत तालीम करून घ्या. काहींचा आक्षेप धर्माचा किंवा घरच्या संस्कारांचा असतो. त्यांना पटवत बसू नका, तो तुमचा अधिकार नाही. त्यांचं मूल नकळत या खोलीत येणार नाही, इतकी हमी त्यांना द्यायची आणि ती पाळायची. तिसरा आक्षेप करदात्यांच्या पैशाचा. त्याला उत्तर एकच, सगळ्या वाचकांना सारखा नियम.

म्हणून एक चूक कधीच करू नका: नेहमीच्या साप्ताहिक गोष्टींच्या तासात हा वाचक बसवणे. त्या वेळेला सवयीने येणारी कुटुंबं सूचना वाचत नाहीत. दारात आल्यावर त्यांना कळतं आणि त्यांचा राग बरोबरच असतो. वेगळा दिवस द्या, शनिवारची सकाळ चांगली, आणि नेहमीचा तास जसाच्या तसा चालू ठेवा. जाहिरातीत ‘खास पाहुणे’ असली झाकपाक नको. ‘ड्रॅग कलाकार गोष्टी वाचणार, वय ३ ते ८, पालक सोबत हवेत’ असं सरळ लिहा.

वाचक निवडताना

उत्तम ड्रॅग कलाकार म्हणजे उत्तम वाचक नव्हे. रात्रीच्या कार्यक्रमात टाळ्यांवर वेळ साधायची सवय असते, तीन वर्षांचं मूल टाळी वाजवत नाही. त्यामुळे पहिली भेट साध्या कपड्यांत घ्या आणि हातात पुस्तक द्या. न वाचलेलं चित्रपुस्तक पाच मिनिटांत वाचून दाखवायला सांगा. पान उलटण्याआधी चित्रावर थांबतो का, पात्रांचे आवाज वेगळे काढतो का, मध्येच प्रश्न आला तर अडखळतो का, हे पाहा. इथे जो नापास, तो वेष चढवल्यावर पास होत नाही.

नंतर पार्श्वभूमी तपासणी, आणि यात सवलत कोणालाच नाही. २०१९ मध्ये ह्यूस्टन सार्वजनिक ग्रंथालयाला जाहीर माफी मागावी लागली, कारण तिथे वाचून गेलेल्या एका कलाकाराची तपासणीच झाली नव्हती आणि त्याचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत असल्याचं मागाहून उघड झालं. तपासणी फसते ती बहुधा नावापाशी. रंगमंचावरच्या नावाने शोधलं तर काहीच सापडत नाही आणि सगळं ठीक वाटतं. शासकीय ओळखपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि आधीची नावं घ्या. राज्याची गुन्हे-नोंद तपासा आणि न्याय विभागाची राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार नोंदही. ही माहिती फक्त कर्मचारी विभागाच्या बंद फाइलमध्ये राहते, पत्रकात किंवा भाषणात कलाकाराचं खरं नाव कधी येऊ देऊ नका. हीच तपासणी जादूगाराला, विदूषकाला आणि बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यालाही लावा. फक्त ड्रॅग कलाकाराला लावलीत तर भेदभाव, आणि कोणालाच लावली नाहीत तर निष्काळजीपणा.

आणखी एक जागा निसटते. मूल घरी जाऊन कलाकाराचं नाव सांगतं, पालक फोनवर शोधतात आणि समोर रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात येते. यावर तोडगा सोपा आहे: मुलांच्या कार्यक्रमासाठी वेगळं नाव ठेवायला सांगा, आणि त्या दिवशी कार्ड, पत्ते, समाजमाध्यमांवरची खाती काहीही वाटू नका.

करारात मानधन, वेळ, पुस्तकांची यादी, पोशाखाचे नियम आणि रद्द झाल्यास काय, हे लिहा. सुरक्षेपायी आयत्या वेळी रद्द झालं तरी मानधन द्यायचं. क्लबात प्रेक्षक कलाकाराला नोटा देतात, इथे ती पद्धत नाही, हेही करारात असू द्या.

पुस्तकं आणि वेळापत्रक

नेहमीच्या चित्रपुस्तकाला ३२ पानं असतात आणि ते मोठ्याने वाचायला साधारण पाच ते सात मिनिटं लागतात. कार्यक्रम ३० ते ४० मिनिटांचा ठेवा, पुस्तकं तीनच. चौथं हाताशी असू द्या, पण मुलं चुळबुळत असतील तर उघडूच नका. पहिलं पुस्तक सर्वांत लांब, कारण लक्ष तेव्हाच जास्त असतं. मग हात-पाय हलवायचं एक बडबडगीत. दुसरं पुस्तक पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचं, म्हणजे मुलं सोबत म्हणतात. शेवटचं छोटं आणि हसवणारं.

तीनपैकी फार तर एक पुस्तक नटण्याथटण्याचं किंवा वेगळेपणाचं असावं, बाकीची दोन प्राण्यांची, पावसाची, हरवलेल्या बुटाची. सगळीच पुस्तकं एकाच मुद्द्याची निवडली की गोष्टींचा तास उरत नाही, प्रवचन होतं, आणि मुलं ते लगेच ओळखतात. निवड ग्रंथपालाची. कलाकाराने सुचवावं, पण अंतिम यादी बालविभागाची.

पुस्तकाचा आकारही पाहा. छोटं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तिसऱ्या रांगेला दिसत नाही. वीसेक मुलं असतील तर मोठ्या आकाराची प्रत मागवा. गुळगुळीत कागदावर दिवा चमकतो, म्हणून वाचकाच्या खुर्चीत आधी स्वतः पुस्तक धरून, खाली मुलांच्या जागी कोणाला तरी बसवून खात्री करा.

पोशाख

गोंधळ होतो तो याच भागात, म्हणून जरा सविस्तर.

मुलं जमिनीवर बसतात आणि वाचक खुर्चीवर. म्हणजे त्यांची नजर खालून वर जाते. उभं असताना गुडघ्यापर्यंत येणारा झगा बसल्यावर एक वीत वर सरकतो. म्हणून घोट्यापर्यंतचा झगा, किंवा आत जाड लेगिंग. गळा बंद. कलाकाराने पोशाख घालून खुर्चीत बसून, वाकून, खाली पडलेलं पुस्तक उचलून दाखवायचं; आरशासमोर उभं राहून केलेली तपासणी पुरत नाही.

घट्ट कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) नको. त्यात बसून श्वास पोटापर्यंत जात नाही, दहा मिनिटांत आवाज बारीक होतो आणि वाक्यं मध्येच तुटतात. लांब नकली नखांनी पान पकडता येत नाही: नख पानाखाली जातं, दोन पानं एकदम उलटतात, नाहीतर कोपरा फाटतो. नखं आखूड ठेवावीत, नाहीतर प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा कान लावावा. टिकल्यांच्या कापडावर कॉलरचा माइक खरखरतो आणि उंच विगवर डोक्याचा माइक बसत नाही. छोट्या खोलीत माइक टाळा. लागलाच तर उभ्या दांडीचा घ्या.

सुटी चमकी बंद. ती गालिच्यात उतरते आणि तिथून मुलांच्या डोळ्यांत जाते. अंगाला चिकटलेली, शिवलेली चमक चालेल. उंच टाचा चालतील, पण बसल्यावरच घालाव्यात. गालिच्याच्या कडेला टाच अडकते आणि आजूबाजूला बोटं असतात.

मुलांना त्या कापडाला हात लावावासा वाटणारच. त्यासाठी एक पेटी ठेवा: टिकल्यांचं कापड, मखमल, जाळी, पिसं यांचे तळहाताएवढे तुकडे. मुलं ते हाताळतात आणि कलाकाराच्या अंगाला हात लावण्याची वेळ येत नाही.

खोली आणि दिवस

मुलं अर्धवर्तुळात, पहिली रांग खुर्चीपासून सव्वा ते दीड मीटरवर. वीस ते पंचवीस मुलं पुरेत. खोलीची मान्य संख्या किती आहे ते पाहा आणि त्यात मोठ्यांनाही मोजा. नोंदणी आधी घ्या आणि मुलासोबत नसलेल्या मोठ्या माणसाला आत सोडू नका. हा नियम बालविभागाच्या सगळ्या कार्यक्रमांना लेखी असेल तरच तो टिकतो, फक्त या दिवसापुरता काढला तर न्यायालयात उभा राहणार नाही.

रंगवलेल्या मोठ्या चेहऱ्याला दोन-तीन वर्षांची मुलं घाबरतात, जशी ती विदूषकालाही घाबरतात. यावर सगळ्यात कामी येणारा उपाय म्हणजे कलाकाराने गाजावाजा करत प्रवेश न करणं. मुलं येण्याआधी त्याने खुर्चीत बसलेलं असावं, हातात पुस्तक, आवाज नेहमीचा. मूल रडलं तर पालकाने दाराजवळ घेऊन उभं राहावं. कलाकाराने उठून समजूत काढायला जाऊ नये, भीती आणखी वाढते.

पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरायचं आणि ओळी आधीच जवळपास पाठ असायला हव्यात. पुस्तक मांडीवर ठेवून वाचलं की मुलांना फक्त विग दिसतो, चित्र नाही, आणि सगळा तास पोशाखाचा होऊन बसतो.

मुलांच्या डोक्यावरून पालकांसाठी मारलेला द्व्यर्थी विनोद पूर्ण बंद. सवयीने तो तोंडून निघतो, म्हणून तालमीत ग्रंथपालाने बसून प्रत्येक पदरची भर ऐकायची.

मुलं प्रश्न विचारतात. उत्तर खरं आणि एका ओळीचं. ‘हे केस खरे आहेत?’ ‘नाही, हा विग आहे.’ ‘तू मुलगा आहेस की मुलगी?’ ‘मी कलाकार आहे, हा माझा कार्यक्रमाचा पोशाख आहे, घरी गेलो की काढून ठेवतो.’ ज्या कलाकाराला हे उत्तर लागू नाही त्याने आपलं उत्तर आधी ग्रंथपालाशी बोलून ठरवावं. मुलाने आणखी खोदून विचारलं तर ‘ते तू आईबाबांना विचार’ म्हणून पुढच्या पानावर जायचं. घरच्या बोलण्याचा विषय घरीच राहू द्यावा.

शेवटी कागदी मुकुट. पाच सेंटिमीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर लांब जाड कागदाच्या पट्ट्या आधीच कापून ठेवा. या वयात डोक्याचा घेर साधारण पन्नास सेंटिमीटर असतो, उरलेलं चिकटवायला. गोंदाची कांडी आणि रंगीत खडू द्या. कात्री नको, स्टेपलर मोठ्यांच्या हातात.

फोटो पालक मागतील तरच. मूल शेजारी उभं, मांडीवर नाही, आणि चौकटीत पालकही. कलाकाराचे दोन्ही हात दिसले पाहिजेत. ग्रंथालयाने काढलेल्या फोटोत मुलांचे चेहरे येणार असतील तर आधी लेखी परवानगी.

बाहेर गर्दी जमली तर

जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लोरेन्झो ग्रंथालयात ‘प्राउड बॉइज’ या अतिउजव्या गटाची माणसं अशा वाचनाच्या मध्येच घुसली आणि ओरडू लागली. तेव्हापासून दाराची व्यवस्था हा ऐच्छिक भाग राहिलेला नाही.

पदपथावर फलक घेऊन उभं राहणं हा निदर्शकांचा हक्क आहे आणि तो मान्य करा. आत येऊन कार्यक्रम बंद पाडणं हा हक्क नाही. त्याला ग्रंथालयाचे वर्तन-नियम लागतात आणि ते बजावणारी व्यक्ती एकच असते, पूर्वी ठरलेली. दाराशी एक कर्मचारी नोंदणीची यादी घेऊन, खोलीच्या दाराशी दुसरा. कलाकाराची गाडी मागच्या दाराशी, ये-जा करताना सोबत कोणीतरी. पोलिसांना आठवडाभर आधी कळवा, पण गणवेशातला माणूस खोलीत उभा करू नका, मुलं पुस्तकाकडे पाहत नाहीत.

स्वयंसेवकांना एकच काम: कुटुंबांना गाडीपासून दारापर्यंत आणणे. डेन्व्हरमध्ये २०१९ साली सुरू झालेली ‘पॅरासोल पेट्रोल’ ही संस्था रंगीत छत्र्यांची भिंत करून आणि मुलांना आवाज अडवणारे हेडफोन देऊन हे करते. पद्धत उचलण्याजोगी आहे. निदर्शकांशी वाद घालणारा स्वयंसेवक त्याच दिवशी घरी पाठवा, मग तो कितीही तळमळीने बोलत असो. मुलांना आत पोहोचेपर्यंत ऐकू येणारा प्रत्येक आरडाओरडा नुकसानच करतो, कोणत्याही बाजूचा असला तरी.

धमकीचा फोन आला तर तो खरा की खोटा हे तुम्ही ठरवायचं नाही. नेहमीच्या आगीच्या कवायतीप्रमाणे इमारत रिकामी करा, पण जमण्याची जागा निदर्शकांच्या विरुद्ध बाजूला असू द्या आणि तिथे नोंदणीच्या यादीवरून प्रत्येक मूल मोजा. ही जागा आदल्या दिवशी चालत जाऊन पाहा. नकाशावर मोकळी दिसणारी जागा बऱ्याचदा वाहनतळ निघते.

कर्मचारी कमी असतील, तालीम झाली नसेल किंवा तपासणीचा अहवाल हातात आला नसेल, तर तारीख पुढे ढकला आणि कारण तेच सांगा. रेटून नेलेला अर्धवट कार्यक्रम विरोधकांना मुद्दा देतो आणि मुलांना वाईट वाचन. कार्यक्रम झाल्यावर आलेल्या तक्रारी नेहमीच्याच छापील अर्जावर घ्या. अर्जात ‘आपण स्वतः उपस्थित होता का’ हा रकाना असलाच पाहिजे, आणि उपस्थित पालकाच्या तक्रारीला बालविभागाच्या प्रमुखाने स्वतः फोन करून उत्तर द्यायचं.